माकोंदोत केळीला भाव काय होता?

(रावेर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं आवरून.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अनुवादातून जगातल्या संस्कृतींची ओळख’. सेक्रेटरींनी फोनवर विचारलं काय टाकू, मी म्हटलं टाका काहीतरी भारदस्त, कारण केळीवर बोलतो असं सांगितलं असतं तर त्यांनी मला रद्द करून कृषी केंद्राचा माणूस बोलावला असता. तर मी केळीवरच बोलणार आहे. विषयाकडे शेवटी येतो, वेळ उरला तर.

माझं म्हणणं एवढंच आहे. परदेशी पुस्तक निवडताना त्याला नोबेल मिळालं का, पुण्यात सध्या कोण काय वाचतंय, हे बघू नका. तुमच्या हाताला जे काम माहितीये त्या कामावरचं पुस्तक शोधा.

हे डोक्यात कसं आलं ते सांगतो. एका कॉलेजात (नाव घेत नाही, तिथले दोघं-तिघं समोरच बसलेत) लॅटिन अमेरिकन साहित्यावर चर्चासत्र होतं. वक्ते मोठे, विषय मार्केझची कादंबरी ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’, म्हणजे माकोंदो नावाच्या काल्पनिक गावाची गोष्ट, जिथे केळीची कंपनी येते. चादरी धरून आकाशात उडून जाणारी पोरगी, पिवळी फुलपाखरं, चार वर्षं अकरा महिने दोन दिवस पडणारा पाऊस, आणि दर दोन वाक्यांनी ‘जादुई वास्तववाद’, म्हणजे अशक्य गोष्टी रोजच्यासारख्या सांगायच्या. मागच्या रांगेत आमच्या नात्यातले एक आप्पा बसलेले, सावद्याकडचे, केळीची कांदेबाग लावणारे. ते आले होते नातवाला घ्यायला, पण मे महिन्याचं ऊन आणि हॉलमधे कूलर, म्हणून बसले. प्रश्न विचारा म्हटल्यावर कोणीच उठेना, तर आप्पा उठले. “साहेब, ते केळीच्या कंपनीचं बोलले तुम्ही, तर त्याईले भाव काय भेटे?”

हॉल हसला. तुम्हीही हसलात, ठीक आहे. वक्तेसुद्धा हसले आणि म्हणाले, काका, ती केळी प्रतीक आहे. आप्पा काही बसेनात. “प्रतीक कशी राहीन? कापनी कोन करे? गाडी कुठून भरे?” तेवढ्यात जेवणाची सुट्टी जाहीर झाली. (भरीत होतं, कळण्याच्या भाकरी होत्या, त्यामुळे ज्ञानाकडे परत कोणी फिरकलं नाही.)

माझी तक्रार ही आहे की त्या हॉलमधे खरा साहित्याचा प्रश्न एकानंच विचारला आणि त्याला उत्तर मिळालं नाही. उत्तर होतं ना! मार्केझ १९२७ साली आराकाताकाला जन्मला, कोलंबियाच्या केळीपट्ट्यातलं गाव. तिथे युनायटेड फ्रूट ही अमेरिकन कंपनी. रेल्वे तिच्या मुठीत, बोटी तिच्या, दुकानं तिची. स्वतःची बाग असलेले शेतकरी होते, पण करार असा की माल कंपनीलाच द्यायचा. आपल्याकडे बोर्डावर एक भाव आणि बांधावर दुसरा म्हणून आपण ओरडतो, तिथे दुसरा व्यापारीच नाही. १९२८ च्या नोव्हेंबरात मजुरांनी संप केला. मागण्या काय, तर आठवड्याची सुट्टी द्या, आणि कंपनीच्या दुकानातच चालणारी कुपनं नको, रोख पैसे द्या. डिसेंबरात सिएनागाला स्टेशनाजवळ लष्करानं गोळ्या घातल्या. जनरल म्हणाला ४७ मेले. कादंबरीत तीन हजार मरतात, त्यांची प्रेतं रेल्वेच्या डब्यांत केळीचे घड रचतात तशी रचून समुद्राकडे नेतात, आणि वाचलेला एकजण गावात येऊन सांगतो तर लोक म्हणतात, इथे कोणी मेलंच नाही. आता हे ज्यांनी सावदा-रावेरला केळीच्या वॅगना भरताना पाहिल्यात त्यांना प्रतीक वाटेल का, सांगा.

(ती कंपनीची केळी ग्रॉस मिशेल जातीची, पुढे पनामा रोगानं तिचा धंदा बसला आणि जगभर कॅव्हेंडिश आली. आपली बसराई आणि जी-नाईन त्याच कुळातल्या. म्हणजे पाव्हणे निघालो.)

मी आप्पांना हिंदी अनुवाद दिला, ‘एकांत के सौ वर्ष’. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांमुळे त्यांचं हिंदी आपल्यापेक्षा बरं. पहिला अर्धा भाग त्यांनी सोडून दिला, कारण ज्याला त्याला ऑरेलियानो, एकाच बापाची सतरा पोरं त्या नावाची. संपाचा भाग मात्र दोनदा वाचला आणि मला म्हणाले, मजुराचं बरोबर हाये, पन मंग यात आपन कोन? हे मला कुठल्या समीक्षेत सापडलं नाही. आपल्या बागांत घड कापायला सातपुड्यातून पावरा, बारेला आदिवासी येतात. त्यांना सुट्टी, रोख, इन्शुरन्स… बरं, पहिली रांग एकदम शांत झाली, पुढे जातो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर विषय.

संस्कृती म्हणजे नाच, सण आणि पदार्थ नव्हे, कामाच्या बाजूनं आत शिरलं की ती जास्त दिसते. चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’, १९५८ ची, नायजेरियाची. त्यातला ओकोंक्वो दुसऱ्याकडून याम या कंदाचं बियाणं आणून वाट्यानं शेती करतो, वाट्याला येतं एक तृतीयांश पीक, आणि त्याच वर्षी आधी दुष्काळ, मग अतिवृष्टी, गावातला एक शेतकरी झाडाला फास घेतो. हे आपल्याला समजवायला प्राध्यापक लागत नाही. समजायला वेळ लागतो तो त्यांच्या देवांना, नात्यांना, आणि तो लागू द्यावा. तापीकाठी जाळं टाकणाऱ्यानं हेमिंग्वेचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’, त्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, वाचावं, पु.लं.नी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणलंय.

एका पुस्तकावरून देश कळला असं समजू नका, त्याच भागातलं दुसरं शोधा. केळीवरच ग्वाटेमालाच्या आस्तुरियासच्या तीन कादंबऱ्या आहेत, चिलीचा कवी नेरुदा, त्याची याच युनायटेड फ्रूट कंपनीवर कविता आहे. रूपांतर आणि अनुवाद यात फरक करा, रूपांतर मजा देतं पण परका माणूस त्यात आपल्यासारखाच बोलायला लागतो. आणि हे खान्देशाला नवीन नाही, अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी कुरल हा जुना तमिळ काव्यग्रंथ मराठीत आणला, ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ‘दुःखी’ नावानं आणली.

वाचनालयाला एकच विनंती. अनुवादित पुस्तकांचं कपाट जिन्याखाली आहे, ते वर आणा, आणि रजिस्टरमधे लेखकाशेजारी अनुवादकाचंही नाव लिहा. घ्या माईक.