‘कुत्रा’ एवढीच गोष्ट

नमस्कार, श्रोतेहो. लहान मुलांना गोष्टी सांगाव्यात हे मी तुम्हाला सांगायला नको. ‘अजून एकच’ म्हणून हट्ट धरणारं मूल घरोघरी असतं. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. मुलाला गोष्ट सांगा, आणि मग मुलाला गोष्ट सांगू द्या.

दिवसभर आपण मुलांशी बोलतो ते समोर असलेल्या गोष्टींबद्दल. चप्पल घाल, हात धू, इकडे ये. तिथे बोट दाखवलं तरी भागतं. गोष्टीत भागत नाही. जंगल इथे नाही, राक्षस इथे नाही, सगळं शब्दांनीच उभं करावं लागतं.

शिकागोमध्ये व्हिव्हियन पेली नावाच्या बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. मूल गोष्ट सांगे, बाई ती जशीच्या तशी उतरवून घेत आणि मग मुलं ती करून दाखवत. १९८९ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला.

मी माझ्या बालवाडीत हे सुरू केलं, तेव्हा वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. घरी भरपूर बोलायचा म्हणे. वर्गात मात्र मान हलवायचा, नाहीतर बोट दाखवायचा. पण मी कागद घेऊन बसले की शेजारी येऊन बसायचा. एक दिवस म्हणाला, “कुत्रा.” मी थांबले. पुढे काही येईना. मी लिहिलं, ‘कुत्रा’, आणि खाली त्याचं नाव.

मुलं गोल करून बसली. मी वाचलं, “कुत्रा.” तो मधोमध आला, हातापायांवर उभा राहिला आणि तसाच राहिला. शेवटी एका मुलीला राहवेना. “काय करतो कुत्रा?” तिला त्यानं लगेच सांगितलं, “भुंकतो.” “कुणावर?” “मांजरावर.” झालं! मांजर व्हायला चौघं-पाचजणं धावली. तसा तो ताडकन उभा राहिला. “नाही, एकच मांजर पाहिजे!” वर्गात त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सबंध वाक्य.

दुसऱ्या दिवशी गोष्ट वाढली. “कुत्रा भुंकला. मांजर पळालं.” आणि काही आठवड्यांनी, “कुत्रा भुंकला म्हणून मांजर झाडावर चढलं, पण त्याला उतरता येईना, मग कुत्रा रडला.” का रडला, असं कुणीतरी विचारलंच. “कारण खेळायला कुणी नाही.” म्हणून, पण, मग, कारण. यातला एकही शब्द मी शिकवला नव्हता. गोष्टीला ते लागत होते, आणि ऐकणाऱ्यांना पुढचं हवं होतं.

शाळांच्या कार्यक्रमांत चिमुरड्यांकडून मोठ्यांनी लिहिलेली भाषणं पाठ करून घेतात, ते मला बघवत नाही. त्या पाठांतराच्या वेळात किती गोष्टी झाल्या असत्या! आणि गोष्ट संपल्या संपल्या ‘तात्पर्य काय?’ विचारणंही सोडा. मूल अजून त्या झाडावर असतं.

प्रश्न विचारा, पण मोकळे. ‘हे काय आहे?’ला एका शब्दाचं उत्तर येतं. ‘आता काय होईल?’ला वाक्य येतं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हेच दाखवलं. काही पालकांनी महिनाभर आपल्या लहानग्यांना पुस्तक दाखवताना असे प्रश्न विचारले, मुलांच्या बोलण्यात भर घातली. ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली.

तर पुन्हा सांगते. तुम्ही गोष्ट सांगा, तीच मागितली तर तीच सांगा. ओळखीच्या गोष्टीत पुढचा शब्द मूल स्वतः भरतं. मग त्याला सांगू द्या. लिहून घ्या, पण दुरुस्त करू नका. ते ‘मांजर पळाला’ म्हणालं तर तसंच लिहा, आणि नंतर बोलता बोलता तुम्ही म्हणा, “हो का, मांजर पळालं?” तेवढं पुरतं.

आणि कुठल्या भाषेत सांगायचं? ज्या भाषेत तुम्ही हसता, रागावता, त्या भाषेत. आईची एक आणि बाबांची दुसरी असेल, तर दोघांनी आपापल्या भाषेत सांगा. मूल सरमिसळ करील. लिहून घेताना तीही तशीच राहू द्या. नमस्कार.