पहिल्या फेरीतलं स्थळ

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं.

ओळख करून देताना वहिनींनी मला ‘क्रीडा-अभ्यासक’ करून टाकलं. तसं काही नाही. मी चिप डिझाइनमध्ये सत्तावीस वर्षं काढली आणि त्याच सत्तावीस वर्षांत रविवार दुपारी आपल्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सवर ओरडून घसा बसवून घेतला. पात्रता एवढीच. विषय पत्रकावर आहे : कॉलेजात ज्याची हवा झालीय अशा फुटबॉलपटूला ड्राफ्टमध्ये लवकर उचलावं का? ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडणं : सात फेऱ्या, ३२ संघ, जो तळाला त्याचा नंबर आधी, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना नाही ते बटाटेवड्यांसाठी आलेत, त्यांचंही स्वागत.

मुद्द्यावर येण्याआधी एक दुखणं सांगतो. पाच मिनिटांत आटपेन. (सौ. हसतायत. त्यांना माहीत आहे.)

मार्च २०२१. आपला नंबर होता बारावा. आपण मायामीला गाठून तिसरा नंबर घेतला. बदल्यात काय दिलं? तो बारावा, शिवाय २०२२ ची पहिली फेरी, म्हणजे त्या फेरीतला आपला निवडीचा हक्क, २०२३ ची पहिली फेरी आणि वर २०२२ ची एक तिसरी फेरी. पसाभर ज्वारीसाठी बांध विकावा तसं. आणि घेतलं कुणाला? ट्रे लान्स. नॉर्थ डकोटा स्टेट कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून संघ चालवणारा, वय वीस, अंगापिंडाने भरलेला, हात तोफेसारखा. २०१९ च्या हंगामात गुण मिळवून देणारे २८ टचडाउन पास आणि प्रतिपक्षाच्या हातात एकही नाही. शून्य! शून्य बघितलं की माणसाचं भान सुटतं. माझंही सुटलं. मी मुलाला पाच नंबरची जर्सी घेतली. त्याने मागितली नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

आता कॉलेजचा पूर्ण हिशेब ऐका. सुरुवातीपासून खेळलेले सामने १७. पास टाकले सुमारे ३२०. तेही दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत, अलाबामा-जॉर्जियासारख्या बलाढ्य कॉलेजांशी नव्हे. २०२० मध्ये कोविडमुळे त्यांचा हंगामच पुढे ढकलला गेला, त्या पानगळीत एक सामना खेळला, झालं. म्हणजे आपण तीन पहिल्या फेऱ्या एका वर्षाच्या प्रगतिपुस्तकावर दिल्या. आमच्याकडे नव्या इंजिनिअरला घेताना पाच जण मुलाखत घेतात आणि तरी सहा महिने त्याला मुख्य सर्किटला हात लावू देत नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय बरं वाटत नाही. २०२२ च्या दुसऱ्याच आठवड्यात सिॲटलविरुद्ध त्याचा घोटा मोडला. बिचाऱ्याचा काय दोष. जुना क्वार्टरबॅक गारोपोलो आला. डिसेंबरात त्याचा पाय मोडला. आणि मैदानावर आला ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे शेवटचा. शेवटच्याला तिथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, आपल्याकडे म्हणू श्रीयुत बिनकामाचे. हा बिनकामाचा माणूस कॉलेजात चार हंगाम खेळून चौदाशेहून अधिक पास टाकून आला होता. आणि तो सामना कुणाशी होता? मायामीशी! आपल्याच पिकांची, म्हणजे निवडीच्या हक्कांची, उलाढाल करून, थोडी पदरची भर घालून त्यांनी आणलेले वॉडल, हिल आणि चब समोर उभे. तरी जिंकलो. मी सोफ्यावर उभा राहिलो होतो, गुडघा अजून दुखतो.

लान्स आपल्यासाठी एकंदर चार सामने सुरुवातीपासून खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो चौथ्या फेरीच्या एका पिकात डॅलसला गेला. आणि आपण सोडलेला तो बारावा नंबर फिरत फिरत ज्या डॅलसकडे गेला होता, त्यांनी त्यावर पुढे गाजलेल्या बचावपटू मायका पार्सन्सला घेतलं होतं. हे मी कार्डियॉलॉजिस्टलाही सांगितलंय.

तर मुद्दा. हवा होते कशी? माझ्या आत्याला १९६८ साली नाशिकला बघायला आले तेव्हा तिला चालून दाखवायला सांगितलं आणि सुईत दोरा ओवायला लावला. दोरा पहिल्या फटक्यात गेला, लग्न ठरलं. पुढची चाळीस वर्षं घरात शिवणकाम आत्याचे यजमान करायचे. इंडियानापोलिसला दरवर्षी असाच बघण्याचा कार्यक्रम असतो. पोरांना चाळीस यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात, पंजा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजतात. २०२२ मध्ये बंद होईपर्यंत बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांचा पेपरही असायचा. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हा तो विक्रम होता. सिनसिनाटीने त्याला नववा उचलला. कारकीर्द काय झाली म्हणता? तो पळाला छान.

आणि २००० साली एक पोरगा ५.२८ सेकंदांत पोचला. त्याचा तो अर्धी चड्डी घातलेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय. टॉम ब्रेडी. पुलापलीकडचा, सॅन मटेओचा. लहानपणापासून आपल्याच संघाचा भक्त! आपण ६५ व्या नंबरवर क्वार्टरबॅक घेतला तो जिओव्हानी कार्माझी, जो लीगच्या हंगामात एकही सामना खेळला नाही. ब्रेडी १९९ वा गेला. सात सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकला. नाही, नाना, मी रडत नाहीये, दिवा डोळ्यावर येतोय.

एक खेळ करू. १९९८ मध्ये तुम्ही इंडियानापोलिस संघाच्या खुर्चीत आहात, पहिला नंबर तुमचा, असं समजा. दोन क्वार्टरबॅक समोर : पेटन मॅनिंग की रायन लीफ? आज सगळे मॅनिंगसाठी हात वर करणार, ते सोपं आहे. पण त्या वसंतात भले भले जाणकार लीफकडे झुकले होते. सॅन दिएगोने तर लीफ मिळावा म्हणून तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर जायला पिकं आणि खेळाडू मोजले. लीफने तिसऱ्या सामन्यात पंधरापैकी एक पास पोचवला. चार यार्डांचा. आपण ज्याला ‘बघताच कळतं’ म्हणतो ना, ते कळणं हे असं असतं.

चिठ्ठी आली. ‘तेल तापलंय, सहा मिनिटं.’ बरं, आता पळतो, मीही ५.२८ वाला आहे.

माझं म्हणणं असं आहे की ‘पोरगा चांगला आहे का’ हा प्रश्नच अर्धा आहे. पहिल्या फेरीपर्यंत आलेला प्रत्येक जण चांगला असतो. विचारायचं असतं ते हे : त्याच जागेवर खेळणारा पुढचा पोरगा याच्यापेक्षा किती कमी आहे, आणि ते मला खरंच कळतंय का? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी हा हिशेब मांडला. हे थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले. एकाच जागेवरचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता निघाली शंभरात सुमारे ५२. नाणं उडवलं तर ५०. त्या दोनासाठी आपण तीन पहिल्या फेऱ्या दिल्या.

भाव ठरतो कसा? प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या डॅलसने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक तक्ता केला, पहिल्या नंबरला ३००० गुण, तिसऱ्याला २२००, बाराव्याला १२००. पुढे सगळी लीग त्यावर सौदे करू लागली. तक्ता पहिल्या नंबरांना डोक्यावर घेतो, प्रत्यक्षातले खेळाडू एवढ्या उतारावर नसतात. म्हणून हवा झालेला पोरगा समोर आला की माझा कल मागे सरकून पिकं गोळा करण्याकडे असतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर नाना उठतील. २०११ पासून नवख्यांचे पगार बांधले गेले. २०१० चा पहिला, सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षीचा कॅम न्यूटन चार वर्षांच्या २.२ कोटींत मिळाला. म्हणजे क्वार्टरबॅक लागलाच, तर चार वर्षं फुकटाच्या भावात. त्यामुळे जुगार वेडेपणाचा नाही, हे कबूल. आणि जॉश ॲलन : वायोमिंगला असताना शंभरात छप्पन पास पोचवायचा, माझ्या फुटपट्टीने मी त्याला पहिल्या फेरीत घेतलाच नसता. बफेलोने २०१८ मध्ये सातवा घेतला आणि त्यांचं भलं झालं. तिथे माझी फुटपट्टी मोडते, मोडू दे.

तरी तिच्यावर मी काय मोजतो ते सांगतो. किती खेळलाय, कुणाविरुद्ध खेळलाय, सभोवतालचे दहा जण त्याच्यापेक्षा सरस होते का, आणि इकडे त्याला शिकवणारा माणूस दोन वर्षं नोकरीवर टिकणार आहे का. पळण्याची वेळ शेवटी. आपल्या नंबरावर चालत आला तर घ्या, जरूर घ्या. सतरा सामन्यांच्या पोरासाठी घरातली भांडी विकून पुढे जाऊ नका.

प्रश्न? एकच घेऊ. हो, तू बोल बाळ.

‘काका, तुमचा तो फुकटचा पर्डी. २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर दिले. मग स्वस्त कुठे पडला?’

हा कुणाचा मुलगा आहे? … माझाच आहे. चला, वडे गार होतायत.