सेवा करणाऱ्यानं थांबायचं कधी?

प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम! मी बोलतेय ठाण्याहून.

प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक ताई असतेच. रविवारी सकाळी संडे स्कूल, मग उपासनेत गायन, दुपारी हॉस्पिटलात कुणाची तरी भेट, रात्री घोडबंदर रोडला कुणाच्या तरी घरी प्रार्थना. सोमवारी परत लोकल. 'ताई, जरा थांबा' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'एवढं उरकू दे, मग बसते.'

ते उरकतच नाही, हीच गोम आहे.

बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, अध्याय १ काढा. कफर्णहूमात दिवस मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलंय, येशू दुखणाइतांना बरं करतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच, तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो, 'सगळे तुला शोधताहेत!' म्हणजे माणसं अजून वाट बघत होती. तरी येशू गेला होता. आणि तेव्हा परत त्याच दाराशीही आला नाही, पुढच्या गावांकडे निघाला.

आता कुणी म्हणेल, लोक आडवे आले तर? आले होते की! मार्क ६. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून येशू त्यांना होडीतून एकांतात, विसाव्याला नेतो. लोक पायी धावत आधीच तिथं हजर. त्याला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवतो, पाच हजार पुरुषांच्या जमावाला जेवू घालतो. बेत फसला ना? पण त्याच संध्याकाळी तो शिष्यांना होडीत बसवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. विसावा लांबला, पण त्यानं तो सोडला नाही. मला हा भाग फार आवडतो, कारण आपण पहिल्याच फोनला सगळा बेत सोडून देतो.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्याला तर सासऱ्यानं, इथ्रोनं, तोंडावर सांगितलं होतं : एकटा न्याय करत बसलास तर थकून जाशील, माणसं नेम. तेव्हा ताई, संडे स्कूलचा एक वर्ग कॉलेजातल्या मुलीकडे द्या. गोष्ट सांगताना चुकली तर चुकू दे.

आणि एका सकाळी उपवन तलावावर जाऊन बसा. फोन घरी. इतरांच्या प्रार्थना-विनंत्यांची वहीसुद्धा घरी. तेवीसावं स्तोत्र सावकाश वाचा. पेंग आली तर येऊ द्या. थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं उपदेश नाही केला, भाकर-पाणी दिलं, आणि तो पुन्हा झोपला.

आणि हो, घरी प्रार्थना ठेवणाऱ्यांनो, रविवारी रात्री नऊची वेळ देऊ नका बरं!