रुग्णांना विचारून बांधलेले रुग्णालय

गडचिरोली जिल्ह्यात चातगावजवळच्या शोधग्राममधले हे रुग्णालय आहे. इथे काचेचे दर्शनी तावदान नाही आणि संगमरवरी दालनही नाही. झाडांमध्ये विखुरलेल्या, आदिवासी पाड्यातल्या घरांसारख्या झोपड्या आहेत, आणि रुग्णाबरोबर त्याच्या नातेवाइकांनाही इथे राहता येते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा परिसरातले गोंड लोक दुखणे अंगावर काढत, पण मोठ्या दवाखान्याची पायरी चढत नसत. त्यांनाच कारण विचारले, तेव्हा उत्तरे मिळाली: एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, तिथले डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढऱ्या कापडात प्रेत गुंडाळतो. ही भीती अडाणीपणाची म्हणून बाजूला सारली असती, तर इमारत कितीही देखणी झाली असती, तरी खाटा रिकाम्याच राहिल्या असत्या. म्हणून रुग्णालयाची रचना लोकांशी बोलून ठरली आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

अर्थात झोपडी बांधली की सेवा आपोआप चांगली होते, असे मुळीच नाही. निर्जंतुक अवजारे, वेळेवर मिळणारे औषध आणि जागेवर असलेला डॉक्टर यांना पर्याय नाही. मात्र या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत, आणि म्हणूनच रुग्णालय निवडताना आपली नजर दर्शनी भागावरच अडकते, हे मला फार चिंतेचे वाटते.

याच संस्थेचे सर्वांत मोलाचे काम तर रुग्णालयाबाहेर, कुडाच्या घरांत झाले. गावातलीच प्रशिक्षित स्त्री, म्हणजे आरोग्यदूत, बाळंतिणीच्या घरी जाऊन बसते, बाळाला काट्याच्या झोळीत ठेवून वजन करते, काखेत तापमापक लावते आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. ते साठ किंवा त्याहून अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा असतो. ३९ गावांतल्या या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांवर सोपवले.