आनंदाचं जोडाक्षर

(दृश्य: लाकडी मेज, लाल कागद, कात्री. फक्त हात दिसतात.)

लाल कागदाचा चौकोन. मधोमध एक घडी, तिच्यावर आणखी एक घडी. आता कात्री चालते ती चार पदरांवर, आणि कापलं जातं फक्त अर्धं अक्षर. आडव्या रेघांची टोकं घडीला भिडलेली असतात. तिथे कात्री लागू द्यायची नाही. लागली, तर अक्षराचे तुकडे हातात येतात.

घडी उलगडली. एकच अक्षर दोनदा, खांद्याला खांदा लावून उभं.

चिनी भाषेत 'शी' म्हणजे आनंद. दोन 'शी' जोडले की 'श्वांगशी', जोडीचा आनंद. लग्नघराच्या दारावर, खिडकीच्या काचेवर, पलंगाच्या उशाशी, नवरीच्या गाडीवर हे चिन्ह दिसतं. एरवीच्या लिखाणात ते सहसा येत नाही. ते वाचायचं नसतंच, लावायचं असतं, आपल्या तोरणासारखं.

(दृश्य: एकटं 'शी', अगदी जवळून.)

वरचा भाग नीट बघा: हा बैठकीवर ठेवलेला ढोल. खालचा चौकोन म्हणजे तोंड. ढोल वाजतोय, तोंडी गाणं आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेल्या लिपीतही आनंद असाच लिहिलाय.

मग तो दोनदा लिहिला कुणी? लोककथा सांगते, सुंग राजवटीच्या काळातल्या वांग आनशी या मुत्सद्द्यानं. लग्न लागत असतानाच राजदरबारची परीक्षा पास झाल्याची वर्दी आली, आणि त्यानं 'शी'शेजारी दुसरा 'शी' काढला. वांग आनशी खरा. १०४२ साली तो ती परीक्षा पासही झाला. लग्नाचा प्रसंग मात्र दंतकथेतला. तरी गोड आहे.

(दृश्य: बीजिंग, निषिद्ध नगरी म्हणजे चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, त्यातल्या खुननिंग महालाचं लाल दार.)

दारावर सोनेरी श्वांगशी. १८८९ मध्ये सम्राट ग्वांगशूच्या लग्नानंतर नवदांपत्याची खोली इथेच सजली. वधू त्याची सख्खी मामेबहीण. लग्न ठरवलं होतं राजमाता त्सशीनं, म्हणजे वधूच्या आत्यानं आणि वराच्या मावशीनं. त्या नवराबायकोचं कधीच जमलं नाही. इतकं सोनं लावलेल्या दारापाशी उभं राहिलं की मला तो साधा लाल कागदच आठवतो.

(दृश्य: गल्लीतलं जुनं दार.)

बऱ्याच घरांत लग्नानंतर तो कागद कुणी खरवडून काढत नाही. उन्हानं लालाचा गुलाबी होतो, कडा सुटतात. मधल्या रेघा जोडलेल्याच असतात.