अर्धं जहाज आवरू नका

नमस्कार श्रोतेहो.

घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल आणि त्याला सतत काहीतरी जोडत, कापत, रंगवत बसायची सवय असेल, तर तुमच्याकडे चिकटपट्टी जागेवर सापडत नसणार. कात्री सापडलीच, तर पात्यांना डिंक लागलेला असणार. घरात नवी वस्तू आली की तिच्याआधी तिचं खोकं पळवलं जाणार, आणि ते टाकून द्यायचा विषय काढायची कोणाची टाप नाही.

अशा मुलांना ‘वाव द्या’ असं सगळेच सांगतात. वाव देणं सोपं आहे हो, एक रंगपेटी आणली की दिला वाव! खरी पंचाईत संध्याकाळी होते. घराच्या मधोमध अर्धं जहाज उभं असतं, आणि घरातल्या चार माणसांना तिथूनच ये-जा करायची असते. मला आज बोलायचंय ते या अर्ध्या जहाजाबद्दल.

जहाज म्हणजे काय, तर पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्या. त्यांच्यावर चादर, चादरीला कपड्यांचे चिमटे. पुढे खोकं, त्याला बाटलीचं झाकण चिकटवून केलेलं सुकाणू. पण चादर मधोमध लोंबते आणि कप्तानाच्या डोक्याला लागते. चिमटे बदलून पाहिले, तरी लोंबतेच. मग कप्तान कंटाळून दुसरीकडे निघून जातो. आपल्याला वाटतं, झालं, खेळ संपला. आपण चादरीची घडी करतो, खुर्च्या जागेवर ठेवतो. पण खेळ संपलेला नसतो, अडलेला असतो. जहाज उभं राहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला येता-जाता ती लोंबणारी चादर दिसली असती आणि कधीतरी झाडूचा दांडा उभा करून टेकू द्यायचं सुचलं असतं. सुचायला ती अडचण डोळ्यांसमोर असावी लागते.

म्हणून मी आईबाबांना एवढंच सांगते, अर्धवट कामाला घरात जागा ठेवा. घर लहान असलं तरी जमतं. ठोकळ्यांचे मनोरे मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा फळीवर करायला सांगायचे, म्हणजे रात्री फळीसकट पलंगाखाली सरकवता येतात. जहाजासारखं मोठं काम असेल, तर ते कधी मोडायचं हे आधी ठरवायचं. ‘रविवारी सकाळी मोडायचं’ असं ठरलं की मूल कुरकुरतं, पण मानतं. न सांगता मोडलं, तर मात्र जो हंबरडा फुटतो, तो अगदी रास्त असतो. आवराआवरीची काळजी काही आजची नाही म्हणा. बालवाडीची कल्पना १८३७ मध्ये जर्मनीत प्रत्यक्षात आणणाऱ्या फ्रोबेलनं मुलांसाठी जे लाकडी ठोकळ्यांचे संच केले, तेही पेटीत बरोब्बर बसतील असेच होते.

चित्रांचंही तेच. मूल रेघा ओढत असतं आणि आपण वाकून विचारतो, ‘हे काय काढलंयस?’ त्याला तरी कुठे माहीत असतं! दोन-तीन वर्षांची मुलं आधी रेघोट्या मारतात आणि मग त्यांना त्यात काहीतरी दिसतं. गोल होतो, मग तो चेंडू ठरतो; त्याला रेघ चिकटली की फुगा होतो. ल्यूके नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकानं स्वतःच्या मुलीची चित्रं जपून ठेवली आणि १९१३ मध्ये त्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. चित्र काढता काढता त्याचा अर्थ कसा बदलतो, हे त्यानं बारकाईनं टिपलंय. आपण मध्येच विचारलं, तर मूल आपल्या समाधानासाठी काहीतरी नाव ठोकून देतं आणि मग त्या नावाला बांधलं जातं. त्यापेक्षा शेजारी बसा, किंवा ‘ही रेघ पार कडेपर्यंत गेली की’ असं दिसतंय तेवढंच बोला.

तीन-चार वर्षांच्या सुमाराला एक माणूस कागदावर अवतरतो. मोठं गोल डोकं आणि डोक्यालाच फुटलेले दोन लांब पाय. पोट नाही, मान नाही. हे जगभरातल्या मुलांच्या चित्रांत आढळतं. काही आजी-आजोबांना ते बघवत नाही, ते लगेच धड काढून देतात. त्या चित्रकाराला बेंबी काढायला सांगून पाहा. कोणी ती पायांच्या मध्ये काढतं, कोणी डोक्याच्या गोलातच. मुलाला पोट ठाऊक आहेच, स्वतःचं लगेच दाखवेल. कागदावर ते कुठे बसवायचं, हे त्याचं चाललंय. धड यथावकाश येतं, आपण घाई केली नाही तरी.

आता बक्षिसांचं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, मुळातच स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी ते दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या खेळाच्या वेळी पाहिलं, तर बक्षीस कबूल करून काढायला बसवलेली मुलं चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह तसाच होता. तेव्हा ‘पाच चित्रं काढ, मग खेळणं आणू’ हा सौदा आवडत्या कामाला लावू नका. नावडत्या कामाचं काय करायचं, तो वेगळा विषय, आणि मोठा.

घरात दोन मुलं असली की प्रश्न दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताईचा मनोरा उभा राहतो आणि धाकटा रांगत येऊन तो पाडतो. त्याच्या दृष्टीनं पाडणं हाच शोध असतो! ‘जाऊ दे ग, लहान आहे’ हे वाक्य ताईला तेव्हा अजिबात ऐकायचं नसतं. तिचं काम टेबलावर, म्हणजे धाकट्याच्या हातापेक्षा उंच, हलवा. आणि धाकट्याला पाडायला वेगळा मनोरा रचून द्या. मणी, टिकल्या असलं बारीकसारीक सामान तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती लागता कामा नये. खेळण्यातले गोल चपटे सेल तर मोठ्यांनीच कुलपात ठेवावेत. ते गिळले गेले तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.

आणखी एक प्रसंग घरोघरी येतो. ‘बाबा, मला हत्ती काढून दे.’ बाबा हौशीनं काढतात, चांगला सोंड-सुळ्यांचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मागणी, कारण आता स्वतःचा हत्ती बाबांच्या हत्तीपुढे वाकडा दिसतो. नाही म्हणून हिरमोड करू नका. विचारा, ‘हत्तीचं आधी काय काढूया?’ ‘सोंड.’ ‘मग सोंड कुठून सुरू होते?’ एवढ्यावर खडू बहुतेक मुलाच्या हातात गेलेला असतो. आणि तुम्हाला चित्र काढावंसं वाटत असेल, तर तुमचं वेगळं काढा की, शेजारी बसून, हवं ते.

राहता राहिला कागदांचा ढीग. सगळं जपता येत नाही आणि गुपचूप टाकलं तर नेमकं तेच दुसऱ्या दिवशी मागितलं जातं. ठेवायचं त्याच्या मागे तारीख आणि चित्राबद्दल मूल जे बोललं असेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. खोक्यांच्या उभ्या वस्तूंचे फोटो काढा. उरलेल्यातून काय टाकायचं, ते मुलाला निवडू द्या. तुमचं सगळ्यात लाडकं चित्र ते बेधडक टाकायच्या ढिगात ठेवेल. मग ते सरळ मागून घ्या, ‘हे मला देशील का?’ म्हणून. ‘नाही, मागची बाजू कोरी आहे, मला लागणार आहे,’ असंही उत्तर येऊ शकतं, तयारी ठेवा.

नमस्कार.