ड्रायव्हर काढला, कार्ड जागेच राहिले

(यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचनालयात शिक्षक, विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

लॅपटॉपमधील स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बंद करून बॅटरी कशी वाचवावी, हा आजचा विषय आहे. ते कसे करावे हे मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट ठामपणे मांडली नाही, तर घरी जाऊन केलेली कृती उलटी पडण्याची शक्यता आहे. संगणकातील उपकरणांच्या यादीत कार्डापुढे ‘बंद’ असे दिसणे वेगळे आणि त्या कार्डाचा वीजपुरवठा खरोखर तुटणे वेगळे. बॅटरी वाचते ती दुसऱ्या गोष्टीमुळे, आणि आपल्याकडे बहुतेक जण पहिली करून समाधान मानतात.

आपल्या भागात बॅटरी हा चैनीचा विषय नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रे याच विदर्भात आहेत, एकट्या चंद्रपूरची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. तरीही मृगाच्या पहिल्या वादळात तार तुटली की गावात रात्रभर लाईन नसते आणि त्याच रात्री कुणाची तरी दुसऱ्या दिवशी परीक्षा असते. अशा घरात लॅपटॉप तीन तास चालतो की सहा, यावर मुलीचा अभ्यास पूर्ण होणे किंवा न होणे ठरते. म्हणून या विषयाला मी किरकोळ मानत नाही.

ज्या लॅपटॉपवर ‘गेमिंग’ असे लिहिलेले असते, त्यात बहुधा दोन ग्राफिक्स असतात, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारे दोन भाग. एक प्रोसेसरच्याच पोटात असते आणि फार थोड्या विजेत काम भागवते. दुसरी स्वतंत्र चिप, म्हणजेच आपले ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडिया किंवा एएमडी या कंपन्यांची, स्वतःची मेमरी बाळगणारी आणि भरपूर वीज घेणारी. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची रचना आणली. तिच्यात पडदा आतल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, जड काम आले की मोठी चिप जागी होते, तिने तयार केलेले चित्र आतल्या ग्राफिक्समार्फत पडद्यावर जाते आणि काम संपले की ती पुन्हा झोपते. हे नीट चालले तर आपल्याला काहीही बंद करावे लागत नाही. अडचण येते ती ही झोप मोडल्यावर.

हिशेब साधा आहे. समजा, बॅटरी ४८ वॉट-तासांची आहे. पडद्याचा उजेड बेताचा ठेवून केवळ वाचन-लेखन चालू असेल, तर असा लॅपटॉप साधारण ८ वॉट घेतो, म्हणजे सहा तास निघतात. मोठी चिप काहीही काम न करता नुसती जागी राहिली, तर त्यात ५ ते १० वॉटची भर पडू शकते. आठाचे सोळा झाले की सहा तासांचे तीन होतात, आणि पडद्यावर मात्र तेच एक पान उघडे असते.

आता आर्णीकडच्या एका गावातील उदाहरण सांगतो. ते थोडे लांबेल, पण माझे सगळे म्हणणे त्यात आहे. कापूस विकून आलेल्या पैशातून एका शेतकऱ्याने पदविकेला गेलेल्या मुलीसाठी शहरातून लॅपटॉप आणला. मुलीला टंकलेखन, थोडेसे प्रोग्रामिंग आणि ध्वनिचित्रफितींवरची व्याख्याने एवढेच करायचे होते. दुकानात तिचा अभ्यासक्रम कोणी विचारला नाही. मोठे कार्ड असले की पुढची दहा वर्षे काळजी नको, असे सांगून जड यंत्र त्यांच्या हाती दिले. याचा मला मनापासून राग आहे. स्थापत्याचे त्रिमितीय नकाशे, चित्रफितींचे संपादन किंवा यंत्रशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्याला त्या चिपची गरज आहे. बाकीच्यांना तिची किंमत, तिचे वजन आणि तिचा चार्जर हे तिन्ही उगाच वाहावे लागते. साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ किंवा ६५ वॉटचा असतो, या यंत्रांचा दीडशेच्या पुढे जातो, आणि घरातला लहान इन्व्हर्टर पंखा व दिव्यासोबत हा भार किती वेळ पेलणार?

पुढे बॅटरी टिकेना, म्हणून ते लॅपटॉप घेऊन जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. तेथे डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधील उपकरणांच्या यादीत मोठे कार्ड ‘डिसेबल’ केले गेले, शिवाय त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड हाताळणारा प्रोग्रामही, काढून टाकला गेला. त्यानंतर ते माझ्याकडे आले. ‘सर, मोठं कार्ड बंद करून आणलं, तरी लाईन गेली का हे पहिल्यापेक्षाही लवकर बसते,’ असे ते म्हणाले. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती. चार्जर काढून पाहिले, तेव्हा एकही प्रोग्राम चालू नसताना पंखा फिरत होता आणि कळफलकाच्या वरचा भाग गरम होता. कार्ड पुन्हा सुरू केले, लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा योग्य ड्रायव्हर बसवला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. थोड्या वेळाने पंखा थांबला आणि विजेचा उपसा जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे कार्ड ‘सुरू’ केल्यावर बॅटरी वाचली.

असे का व्हावे? या चिपला झोपण्याच्या पायऱ्या असतात. डी-शून्य म्हणजे पूर्ण जागी. डी-तीनच्या पहिल्या प्रकारात ती झोपते, पण पुरवठा चालू असतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला ‘कोल्ड’ म्हणतात, पुरवठाच तोडला जातो. या पायऱ्यांवरून उतरण्याची व्यवस्था यंत्राच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, असते, मात्र चिप आता रिकामी आहे, तिच्या मेमरीत कोणाचे काही नाही, हे ठरवून पुढची विनंती करण्याचे काम ड्रायव्हरचे. वावरातल्या मोटरीला ऑटो स्टार्टर लावला आहे, लाईन आली की ती आपोआप सुरू होते, आणि विहीर कोरडी पडल्यावर ती बंद करणाऱ्या गड्यालाच तुम्ही घरी पाठवले, तर काय होईल ते या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. ड्रायव्हर गेला की अनेक यंत्रांत चिप सुरुवातीच्या स्थितीतच जागी राहते. काही लॅपटॉपमध्ये विंडोज स्वतःहून तिला झोपवते हेही खरे. म्हणूनच ऐकीव सल्ल्यावर न जाता आपल्या यंत्रावर मोजून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

येथे बसलेल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी थेट मोठ्या चिपला असते. वर्गात प्रोजेक्टर लावला की ती जागी होते आणि प्रोजेक्टर काढेपर्यंत झोपू शकत नाही. अशा वेळी कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही वाया जाणारी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने कमी होते, त्यामुळे नुकसान त्या दिवसापुरते राहत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत, म्हणून कृतीचा भाग आता भराभर सांगतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर काढू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असे जाऊन ब्राउझर आणि इतर रोजच्या प्रोग्रामना ‘पॉवर सेव्हिंग’ निवडा. जुन्या एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये आतले ग्राफिक्स हेच पसंतीचे ठेवण्याची सोय असते. त्याच पॅनेलमधून घड्याळाजवळ एक चिन्ह आणता येते, ते कोणता प्रोग्राम मोठी चिप वापरतो आहे हे दाखवते. दोषी बहुधा तेथेच सापडतो. काही लॅपटॉपमध्ये पडदा थेट मोठ्या चिपला जोडणारा स्विच असतो, त्याला मक्स म्हणतात. तो ‘हायब्रिड’वर असल्याची खात्री करा. बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, कार्ड बंद करण्याची सोय असेल, तर तो मार्ग सर्वांत भरवशाचा, पण ती थोड्याच यंत्रांत असते.

विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांपैकी उबुंटू या तिच्या प्रकारावर असलेल्यांनी प्राइम-सिलेक्ट या आदेशाने इंटेल, म्हणजे आतले ग्राफिक्स, निवडून यंत्र पुन्हा सुरू करावे. कार्डाच्या पॉवर कंट्रोलची नोंद ‘ऑन’ असेल, तर ते कधीच झोपणार नाही. ती ‘ऑटो’ हवी, आणि रनटाइम स्टेटसमध्ये ‘सस्पेंडेड’, म्हणजे झोपलेले, असे दिसायला हवे. कार्डाची स्थिती विचारणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआय या आदेशाने मात्र तपासू नका, कारण विचारणा होताच झोपलेली चिप जागी होते. मोजमापासाठी पॉवरटॉप हा प्रोग्राम वापरा.

विंडोजमध्ये मोजण्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी हा आदेश बॅटरी-रिपोर्ट या पर्यायासह द्या. गेल्या काही दिवसांत किती वेळात किती मिलिवॉट-तास खर्च झाले, हे त्या अहवालात मिळते. खर्चाला तासांनी भागले की सरासरी उपसा कळतो. बदल करण्यापूर्वीचा एक अहवाल जपून ठेवा आणि पडद्याचा उजेड दोन्ही वेळी सारखाच ठेवा, नाहीतर तुलना निरर्थक ठरेल. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीनंतर ड्रायव्हर बदललेला असू शकतो, तेव्हा हेच मोजमाप पुन्हा करा. ज्यांनी आज लॅपटॉप सोबत आणले आहेत, त्यांनी चार्जर न लावता ते उघडून ठेवावेत. कार्यक्रमानंतर मी येथेच आहे, आपण एकेकाचा अहवाल काढून पाहू.